एकेरी टीप

शिडावर बूट घालून चालणाऱ्या माणसाबद्दल माझं मत पहिल्याच मिनिटाला ठरलं, आणि ते काही बरं नव्हतं.

सकाळचे साडेआठ झाले असतील. बाहेर झिमझिम चालू होती. आमचा माळा म्हणजे दोरखंडाच्या दुकानावरची एक लांबलचक खोली — लाकडी जमीन, दोन्ही बाजूंना खिडक्या, मधे एकही खांब नाही, कारण शीड पसरायला मोकळी जागा लागते. त्या जमिनीवर एका मासेमाराचं दुरुस्तीला आलेलं शीड अंथरून मी गुडघ्यांवर बसून ठिगळ लावत होते. जिना वाजला. मला वाटलं, आत्या आली. मान वर केली तर एक उंच, भिजलेला माणूस दारातून आत येऊन थेट शिडावरून माझ्याकडे चालत येत होता. एक पाऊल, दुसरं, तिसरं... आणि मागे चिखलाचे तीन सुबक ठसे.

“थांबा!”

तो थांबला. एक पाय हवेतच.

“आता... पुढे येऊ की मागे जाऊ?”

“काहीही करू नका. आधी बूट काढा.”

“एका पायावर उभा राहून?”

“तीन पावलं टाकताना मला विचारलंत? मग आता बूट कसे काढायचे तेही तुमचं तुम्हीच बघा.”

त्यानं खरंच एका पायावर उभं राहून बूट काढला. डुलला, सावरला, पुन्हा डुलला. मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. मी ओठ आवळून ठिगळाकडे बघत राहिले. हसले असते तर ओरडण्याचा सगळा दरारा पाण्यात गेला असता.

“मला एक शीड शिवून हवंय,” बूट छातीशी धरून तो म्हणाला. “बारा दिवसांत.”

“बारा दिवसांत उशीचा अभ्रा मिळेल.”

“मग अभ्र्यालाच डोलकाठी लावतो. पण बारा दिवसांतच हवंय.”

मागाहून आत्या आली आणि तिनं त्याला ओळखलं. समोरच्या बेटाच्या फेऱ्या करणाऱ्या होडीवाल्याचा हा पुतण्या. काकांचे गुडघे गेले तेव्हा शहरातल्या बसगाड्यांच्या वर्कशॉपमधली रंगाऱ्याची नोकरी सोडून आला होता. लहानपणी सुट्ट्यांमध्ये काकांच्या होडीवर शिकला होता म्हणे. चार महिने तो ती जुनी होडी चालवत होता, आणि आता काकांचं तितकंच जुनं शीड हात लावला तरी फाटत होतं.

होडी म्हणजे काही दिमाखाची वस्तू नव्हे. चपटा तळ, एक डोलकाठी, एक शीड, मागे सुकाणू, बस्स. पण समोरच्या बेटाचं सगळं आयुष्य तिच्यावर चालायचं. पत्रं जायची, रॉकेल जायचं, पिठाची पोती, शाळेची पुस्तकं आणि ती शिकवणाऱ्या बाई. आजारी माणसं इकडे यायची, बरी होऊन तिकडे जायची. एकदा एकाच फेरीत एक नवरी आणि एक शेळी गेली होती, आणि दोघीही वाटभर रडत होत्या. आमच्या आणि बेटाच्या मधलं पाणी उथळ. खाली चिखल आणि त्यात वाढलेलं लांबच लांब गवत. लाँच तिथे गेली की तिच्या पंख्याला गवताचा विळखा बसायचा. चपट्या तळाची होडी मात्र वरून अल्लाद सरकत जायची.

“मग बारा दिवसांची घाई कसली?” मी विचारलं.

“तेराव्या दिवशी चाचणी आहे,” तो म्हणाला. या वेळी आवाजात थट्टा नव्हती. बंदराच्या कचेरीनं फर्मान काढलं होतं. कचेरीचे साहेब स्वतः होडीत बसणार. सामान घेऊन बेटावर जायचं, उतरवायचं आणि ओहोटी लागायच्या आत परत यायचं. मुदत दोन तास. जमलं तर फेऱ्यांचा परवाना होडीला. नाही जमलं तर लाँचवाल्याला, तो गवत कापायची यंत्रं आणायला एका पायावर तयार होता.

“आणि नाही जमलं तर तुम्ही काय करणार?”

“पुन्हा बसगाड्या रंगवायच्या.” त्यानं खांदे उडवले. “लाल रंग फार छान लावतो मी.”

आत्यानं कापडाचा गठ्ठा काढायला सांगितला, तेव्हाच मला कळलं की हे काम आपण घेतलंय.

तो रोज यायचा. बूट आता जिन्याखाली राहायचे. पहिल्या दिवशी मोजमाप सांगायला, दुसऱ्या दिवशी तेच मोजमाप बरोबर आहे ना ते विचारायला, तिसऱ्या दिवसापासून तर कारणांचाही दुष्काळ पडला. खिडकीच्या कट्ट्यावर बसून तो माझ्याकडे बघत राहायचा, आणि मी बघितलं की घाईघाईनं समुद्राकडे.

“समुद्र तिकडे आहे,” मी म्हणायचे.

“हो ना. पाठ झालाय आता.”

मी त्याला ‘बूटवाले’ म्हणायचे, तो मला ‘सुईबाई’. आत्या दुसऱ्या टोकाला बसून दोऱ्याला मेण लावायची आणि काहीच ऐकू न आल्याचं सोंग छान वठवायची.

आमच्या कामाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. या शिडाला आठ आडव्या पट्ट्या होत्या, म्हणजे सात सांधे. आधी सगळ्या पट्ट्या लाल धावदोऱ्यानं कच्च्या जोडून घ्यायच्या. मग प्रत्येक सांध्याला मेणाच्या दोऱ्यानं दोन पक्क्या टिपा घालायच्या, एकेका टिपेला एकेक लडी. दुसरी टीप पुरी झाली की जिनं शिवलं तिनंच तो लाल धावदोरा ओढून काढायचा. धावदोरा निघाला म्हणजे सांधा पुरा झाला. मग त्याकडे कुणी पुन्हा बघत नाही. चाळीस वर्षांत आत्याच्या माळ्यावरचं एकही शीड सांध्यात उसवलेलं नाही, ते या रीतीमुळेच.

आम्ही वरून खाली शिवत येतो. दहाव्या दिवशी मी खालून दुसऱ्या सांध्यावर होते. पहिली टीप झाली होती. बोटं दुखत होती म्हणून जरा थांबले. तो खिडकीतून उठून माझ्यासमोर येऊन बसला होता. इतक्या जवळ की त्याच्या बाहीला येणारा डांबराचा वास येत होता.

“एक विचारू? परवाना नाही मिळाला आणि मी गेलो... तर वाईट वाटेल?”

“वाटेल की. एवढी चांगली होडी किनाऱ्यावर उपडी पडेल.”

“होडीचंच?”

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. हातांचं काय करावं कळेना — आणि हातांनी आपोआप सवयीचं काम केलं. त्यांना लाल धावदोऱ्याचं टोक सापडलं आणि त्यांनी ते ओढलं. धावदोरा सर्रकन निघून आला.

“हा मी ठेवू?” त्यानं विचारलं.

“कशाला?”

“असाच.”

त्यानं तो बोटाभोवती गुंडाळला आणि खिशात टाकला. तेवढ्यात आत्यानं जेवायला हाक मारली. जेवून परत आले ती मी सरळ शेवटच्या सांध्याला भिडले.

बाराव्या दिवशी संध्याकाळी शीड गेलं. तेराव्या दिवशी सकाळी मी माळा झाडत होते. दहा वाजता होडी निघणार होती. झाडून झालं की धक्क्यावर जायचं, आणि मला मुळीच उत्सुकता नाही असं दाखवत उभं राहायचं, एवढा बेत पक्का होता. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. वारा पहाटेपासून वाढत चालला होता.

सुयांचा डबा उचलला, तर त्याच्याखाली मेणाच्या दोऱ्याची एक लडी होती. नवी, न सोडलेली.

“आत्या,” मी विचारलं, “या शिडाला लड्या किती दिल्या होत्यास?”

“चौदा. मी कधी जास्त देते का?”

सात सांधे, चौदा टिपा, चौदा लड्या. आणि एक माझ्या हातात. मी ती लडी धरून उभी राहिले आणि मला सगळं दिसलं — खालून दुसरा सांधा, त्याची डांबर लागलेली बाही, सर्रकन निघालेला लाल धावदोरा. दुसरी टीप मी घातलीच नव्हती. भर वाऱ्यात ताण घेणारा सांधा एकेरी टिपेवर होता. तो सुटला की शीड आडवं फाटत जातं आणि होडी कलंडते. सुट्या शिडाच्या कापडाखाली सापडलेल्या माणसाला पोहता येऊन उपयोग नसतो.

“काय गं? पांढरी का पडलीस?”

मी उत्तर द्यायलाही थांबले नाही. जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरले.

रस्त्यात घड्याळ बघितलं, दहाला दोन मिनिटं. मी पळत होते. धक्क्यावर पोचले तोवर होडी सुटली होती.

पण अजून एक संधी होती. वारा समोरून होता, त्यामुळे होडीला नागमोडी जावं लागणार होतं. आधी पलीकडच्या काठाकडे, मग वळून धक्क्याच्या टोकाला अगदी घासून, आणि मग बाहेरच्या मोकळ्या पाण्यात. बंदराच्या आत आडोसा होता. खरा वारा टोकाच्या पलीकडे होता. त्याच्या आधी मला टोक गाठायचं होतं.

टोकाशी चाळीसएक माणसं जमली होती. मासेमार, टपालवाले, बेटावर जाणाऱ्या शाळेच्या बाई आणि कोटाच्या खिशात हात घातलेला लाँचवाला. मी त्यांच्यातून वाट काढत शेवटच्या दगडावर गेले. होडी पलीकडून वळून आमच्याकडे येत होती. पांढरं शीड भरलेलं. माझ्या हातचं इतकं सुंदर शीड मी पूर्वी कधी पाण्यावर पाहिलं नव्हतं. तो सुकाणू धरून बसला होता आणि हसत होता. साहेब पोत्यांवर, हातात घड्याळ.

खोटं कशाला बोलू? त्या क्षणी माझ्या मनात आलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. एकेरी टीप टिकतेही कधीकधी. टिकली तर दोन तासांत तो परत येईल, परवाना मिळेल, तो इथेच राहील, आणि कुणाला काहीच कळणार नाही. मी ओरडले तर शीड आखडायला त्याला थांबावं लागेल. मग वेळ जाईल, आणि परवाना गेला की तोही जाईल. वर चाळीस माणसांदेखत आत्याच्या चाळीस वर्षांच्या नावाला बट्टा.

त्यानं मला पाहिलं आणि हात वर केला. त्याला वाटलं, मी निरोप द्यायला आलेय.

“शीड आखडा!” मी ओरडले. “शीड आखडा!”

वाऱ्यानं शब्द मागेच फेकले. तो हसून पुन्हा हात हलवत होता. होडी पन्नास हातांवर... चाळीस... मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले,

“अरे, सांधा एकेरी आहे! खालून दुसरा! माझ्याकडून टीप राहिलीय! दोन घड्या घे, आत्ताच्या आत्ता घे!”



त्याचं हसू गेलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग शिडाकडे, मग साहेबांच्या हातातल्या घड्याळाकडे. मला वाटलं, तो विचारेल, ‘नक्की?’ पण त्यानं काहीच विचारलं नाही. सुकाणू लोटलं, होडीचं तोंड वाऱ्यात घातलं आणि दोर सोडला. शीड फडफडत खाली आलं.

शीड आखडायचं तर खालचा भाग गुंडाळून बारीक दोऱ्यांनी बांधावा लागतो, त्याला घडी घेणं म्हणतात. दोन घड्या घेतल्या की खालच्या तीन पट्ट्या गुंडाळीत जातात आणि दुसऱ्या सांध्यावर ताणच येत नाही. पण तेवढा वेळ होडीला ना शीड, ना वेग. आणि ती नेमकी धक्क्याच्या टोकापाशी होती, जिथे लाटा मोठाल्या दगडांवर आपटत होत्या. होडी हळूहळू दगडांकडे सरकू लागली. माझ्याकडे.

त्यानं पहिली दोरी बांधली. दुसरी. साहेबांच्या हातात त्यानं वल्हं कोंबलं आणि काहीतरी ओरडला. साहेब उठले, पडले, पुन्हा उठून वल्ह्यानं दगड रेटू लागले. त्यांची टोपी पाण्यात गेली. तिसरी दोरी, चौथी. एका लाटेनं होडी उचलली आणि दगडापासून दोन हातांवर आणून आपटली. कुणीतरी किंचाळलं. मीच असेन. तो मान वर न करता दोऱ्या बांधत होता. एक जरी सैल राहिली असती तर सगळं सुटलं असतं, आणि त्यानं एकही सैल ठेवली नाही. मग तो दोराला लोंबकळला. छोटंसं, बसकं झालेलं शीड वर चढलं, फडफडलं, भरलं... आणि होडी दगडांना हुलकावणी देऊन बाहेर पडली.

मी दगडावरच बसले. 

“शिवणकाम राहिलं होतं म्हणे!” लाँचवाला मोठ्यानं म्हणाला. “होडी आहे की गोधडी?”

तेवढ्यात धापा टाकत आत्या आली. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. लोकांकडे तोंड करून उभी राहिली.

“चूक माझ्या माळ्यावरची आहे,” ती म्हणाली. “आणि माझ्याच माळ्यावरच्या पोरीनं ती सांगितलीय. आणखी कुणाला काही विचारायचंय?”

 आत्या माझ्या शेजारी दगडावर बसली आणि आम्ही दोघी पाण्याकडे बघत राहिलो.

होडी बेटामागे दिसेनाशी झाली. एक तास गेला, दीड गेला. बाहेरचं पाणी फेसानं पांढरं झालं होतं. दोन तास पुरे झाले तेव्हा लाँचवाला घड्याळ बघून घरी गेला. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, त्यातलं निम्मं मला परवडणारं नव्हतं. दोन तास बावीस मिनिटांनी ते बसकं शीड बेटाच्या आडून बाहेर आलं.

साहेब उतरले ते ओलेचिंब, पांढरेफटक. वहीत ‘मुदतीत नाही’ असं लिहून ते तडक निघून गेले. तो शीड खांद्यावर टाकून माझ्यासमोरून गेला. थांबला नाही. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण काय म्हणून मारणार?

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी एकाही सुईत दोरा ओवू शकले नाही. तीनच्या सुमाराला जिना वाजला. तो आला, शीड जमिनीवर ठेवलं आणि खालचा भाग उलगडला. दुसऱ्या सांध्यावर चार बोटं उसवलेलं होतं.

“हे बंदरातच झालं होतं,” तो म्हणाला. “मी घडी घेण्याआधी. आडोशाच्या वाऱ्यात.”

आम्ही दोघंही त्या चार बोटांकडे बघत राहिलो. टोकाबाहेर काय झालं असतं ते दोघांनाही दिसत होतं.

“चूक माझी होती,” मी म्हणाले.  “तुमचा परवाना माझ्यामुळे गेला. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला. असे गप्प राहू नका.”

“बोलायला सकाळपासून कचेरीत बसलो होतो, साहेबांशी. ते म्हणाले, ज्याला आपल्या शिडाचा दोष कळल्यावर होडी थांबवता येते, त्याला आणखी एक संधी द्यायला हरकत नाही. मंगळवारी पुन्हा चाचणी.” तो थांबला. “पण एक अट घातलीय. ज्या बाईंनी शीड शिवलंय त्या आधी होडीत बसतील, तरच साहेब बसणार.”

“मी? मी जन्मात कधी होडीत बसले नाही!”

“साहेबांना सांगू तसं?”

“...नको.”

तो खाली बसला, माझ्यासमोर, त्याच जागी. “एक विचारू? गप्प राहिला असतात तर कुणाला कळलं नसतं. कदाचित टिकलंही असतं. मग का ओरडलात?”

“माळ्याच्या नावासाठी,” मी पटकन म्हणाले. “फाटलं असतं तर नाव गेलं असतं.”

“तेवढ्यासाठीच?”

“तेवढ्यासाठीच.”

त्यानं मान हलवली. “बरं,” म्हणाला, आणि उठून गेला. जिना उतरतानाची त्याची पावलं अगदी सावकाश वाजत होती. आत्यानं पलीकडून माझ्याकडे असं काही बघितलं, की मी सुई बोटात टोचून घेतली. चाळीस माणसांसमोर चूक ओरडून सांगणारी मी, एका माणसासमोर खरं बोलताना माझी बोबडी वळली होती.

त्या रात्रीपर्यंत मी तो सांधा पुन्हा शिवला. दोन टिपा. दुसऱ्या दिवशी सातही सांधे नखानं तपासले, वरून, खालून, पुन्हा वरून.

मंगळवारी वारा तसाच होता. मी होडीच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून डोलकाठीजवळ बसले, शिडाचा खालचा काठ हाताशी. मधे पिठाची पोती आणि त्यांवर साहेब, एकावर एक दोन लाइफ जॅकेट घातलेले. मागे सुकाणूवर तो. टोकाच्या पुढे गेलो आणि वाऱ्यानं होडीला एका कुशीवर लोटलं. पाणी माझ्या कोपराशी आलं. शीड असं ताणलं गेलं की सुईचं एकेक भोक मला मोजता आलं असतं.

“घड्या घेऊ?” मागून त्याचा आवाज आला. “तुम्ही सांगाल तसं करतो.”

“वेळ?” मी विचारलं.

“चोवीस मिनिटं झाली,” साहेब डोळे मिटून म्हणाले.

घड्या घेतल्या तर मुदत गेली. नाही घेतल्या आणि मी पुन्हा चुकले असेन, तर... मी हात लांब करून दुसऱ्या सांध्यावर तळवा ठेवला. कापडाखाली दोन टिपा होत्या, शेजारी शेजारी, दोन्ही ताठ. कापड कुरकुरत होतं, पण टाके हलत नव्हते. मी मागे वळले. तो माझ्याकडेच बघत होता, शिडाकडे नाही.

“नको,” मी म्हणाले. “पूर्ण राहू दे.”

“राहू दे,” तो म्हणाला, आणि दोर आणखी आवळला.

त्या फेरीत मी किती पाणी प्यायले आणि किती वेळा डोलकाठीला मिठी मारली ते बेटावरच्या लोकांना विचारा. बेटावर सामान उतरलं. परतताना वारा पाठीवर होता. धक्का जवळ आला तेव्हा साहेबांनी डोळे उघडून घड्याळ बघितलं.

“एक तास एकावन्न मिनिटं. परवाना उद्या घेऊन जा.”

टोकाशी तीच माणसं जमली होती. आत्या सगळ्यांच्या पुढे. तो सुकाणू धरून खाली बघत होता. परवाना मिळाला होता, तरी त्याचा चेहरा तसाच, आक्रसलेला. आणि मला कळलं की मी अजून गप्प राहिले तर तो माझ्या ‘तेवढ्यासाठीच’वर विश्वास ठेवून बसेल. एका शब्दावर शीड उतरवणारा माणूस तो, त्याला माझं सगळंच खरं वाटत होतं.

मी डोलकाठी धरून उभी राहिले.

“मी खोटं बोलले होते,” मी म्हणाले. “माळ्याच्या नावासाठी नाही ओरडले. तुम्ही बुडाल म्हणून ओरडले. नाव गेलं असतं तर पुन्हा कमावलं असतं... तुम्ही गेला असतात तर मी काय केलं असतं?”

“अहो, जरा हळू,” तो पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते. “सगळे ऐकतायत.”

“चूक सगळ्यांसमोर सांगितली ना? मग ही काय चोरून सांगायची गोष्ट आहे? मला तुम्ही आवडता. फार आवडता. आणि तुम्ही परत बसगाड्या रंगवायला गेलेले मला अजिबात चालणार नाही.”

“ऐकू आलं गं बाई,” धक्क्यावरून आत्या म्हणाली. “आम्ही काही बहिरे नाही.”

लोक हसले. तो हसला नाही. डोळे भरून आलेला माणूस आणि हसू दाबणारा माणूस, दोन्ही एकाच चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच बघत होते.

“मी कुठे जातोय?” तो म्हणाला. मग लोकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, “मी कुठेही जात नाही! शीड सांगायला आलो त्या दिवसापासून जायचं नावच नव्हतं मनात. तुम्ही नाही म्हणाला असतात तरी रोज येऊन खिडकीत बसलो असतो, सुईबाई. तुम्ही मला फार... फार म्हणजे...”

“मी अजून होडीतच आहे,” साहेब म्हणाले. “आधी मला उतरवा, मग काय ते बोला. आणि समोर बघा हो, समोर!”

तो समोर बघत नव्हता. होडी धाडकन धक्क्यावर आदळली आणि साहेब पोत्यांवरून घसरले. चार महिन्यांत त्याच्या हातून असं पहिल्यांदाच झालं होतं, आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला.